एक तास पुढे

३० मार्च, रविवार

आज पहाटे उन्हाळ्याची वेळ लागली, सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे गेली. स्वयंपाकघरातलं, सासूबाईंच्या खोलीतलं आणि गाडीतलं मी उठल्याबरोबर बदललं. माझ्या नवऱ्याच्या, त्रिपोच्या मनगटी घड्याळाला हात लावावा लागला नाही. ते नोव्हेंबरपासून एक तास पुढेच होतं. आज आपोआप बरोबर झालं.

हिवाळाभर मी ते घालून मनातल्या मनात एक तास वजा करत होते. काटा मागे घेणं अवघड नव्हतं, पण त्याच्या हातातून उतरवलं तेव्हा होतं तसंच राहू द्यावंसं वाटलं. सासूबाईंना तर ते बंद करायचं होतं. "दारिन्का, गेलेल्या माणसाचं घड्याळ चालू ठेवू नये गं. त्याला वाटत राहतं, अजून कामावर जायचंय." मी रोज सकाळी किल्ली देते.

आता घड्याळ बरोबर आहे आणि मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. ते एक तास पुढे का होतं, हे श्पिरोचं सगळ्या कोतोर गावाला सांगून झालंय. श्पिरोची खानावळ पेरास्तला, पाण्याकाठी. पाच नोव्हेंबरला, मोसमातल्या शेवटच्या जहाजाच्या दिवशी, त्रिपो जहाजावरून उतरलेल्या आठ पाहुण्यांना आपल्या भाड्याच्या गाडीनं तिथे जेवायला घेऊन गेला होता. जेवण अर्ध्यावर असताना उठला आणि सगळ्यांना उठवायला लागला. पाहुणे फोन दाखवून सांगत होते की अजून तासभर आहे. तो मनगट दाखवत होता. ओरडला म्हणे. तीस वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नाही.

त्यानं पाहुण्यांना धक्क्यावर आणलं, जहाजाकडे नेणाऱ्या होडीत बसवलं आणि गाडीत येऊन बसला. नंतर बंदरातल्या माणसाला तो तसाच बसलेला सापडला. डोक्यातली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. श्पिरो म्हणतो, शीर आधीच गेली असणार. "गावानं घड्याळं तासभर मागे, हिवाळ्याची करून आठ-दहा दिवस झाले होते. त्याला पत्ताच नव्हता. डोकंच ठिकाणावर नव्हतं बिचाऱ्याचं."

सकाळी मी त्याला सूप वाढलं होतं. मीठ कमी आहे म्हणाला. मला त्याच्यात काही वेगळं दिसलं नाही. मी रोज इथपर्यंत येते आणि थांबते.

९ एप्रिल, बुधवार

निक्शा आला होता. दीर असला तरी कॉफी झाल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. आज कॉफी अर्धीच ठेवून बोलला.

"वहिनी, गाडी माझ्याकडे द्या. धक्क्यावरची दादाची जागा मी सांभाळतो. तुमचं तुम्हाला घरपोच मिळेल."

"मी चालवीन."

"तुम्ही?" तो खरंच हसला. "वहिनी, अठ्ठावीस वर्षं तुम्ही जमिनीचे नकाशे सांभाळलेत. नकाशे ठेवले तिथे बसतात. पाहुणे बसत नाहीत. एक मांजरीमागे जातो, एक आइस्क्रीममागे, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही."

"गाडी चालवता येते मला. इंग्रजी येतं."

"आणि हे काळे कपडे? लोक सुट्टीवर येतात. त्यांना वाटेल, मयतालाच निघालोय."

सासूबाई आतून म्हणाल्या, "वर्ष झाल्याशिवाय ती काळं उतरवणार नाही. तुझ्या पाहुण्यांना सांग, इथे असंच असतं."

शेवटी ठरलं ते असं. धक्क्यावरच्या गाडीवाल्यांची बैठक मे महिन्याच्या शेवटी असते. तिथे त्रिपोच्या जागेवर नाव लागेल. तोवर मी चालवायचं. माझ्यामुळे एक जरी पाहुणा मागे राहिला तर मी स्वतः जागा निक्शाला द्यायची. हो म्हणून बसले खरी. हट्टानं म्हणाले की विचारानं, ते माझं मलाच कळलेलं नाही. घरात बसले की ते सूप समोर येतं, एवढं खरं.

२४ एप्रिल, गुरुवार

पहिलं जहाज. इटलीहून आलेलं. सात पाहुणे.

त्रिपो गाडी सुरू करण्याआधी त्यांना जे सांगायचा ते मला बरंचसं पाठ आहे. कारण इंग्रजी तो माझ्याकडूनच तपासून घ्यायचा. आज मी आरशासमोर म्हणून पाहिलं आणि मग धक्क्यावर म्हटलं. सपाट बूट घाला, जुन्या गावातला दगड हजार वर्षं झिजून साबणासारखा झालाय. तटबंदीवर चढायचं असेल तर आधी बिअर नको, पाणी घ्या. चर्चमध्ये खांदे झाका. पासपोर्ट जहाजावरच राहू द्या, त्याचा फोटो मात्र जवळ ठेवा. जहाज कंपनीच्या इथल्या प्रतिनिधीचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर खिशात ठेवा, फोन मरतात. फोटोवाली पदार्थयादी दाखवणाऱ्या हॉटेलात बसू नका. आणि प्रत्येकाला विचारायचं, परतायची शेवटची वेळ काय? त्यांच्या गळ्यातल्या कार्डावर लिहिलेली असते.

हे विचारताना त्रिपो घड्याळाची कळ फिरवत उभा असायचा. मी लांबून पाहिलंय. किल्लीसुद्धा तो धक्क्यावरच द्यायचा, घरी नाही. मीही आता तिथेच देते.

सगळे वेळेआधी परत. एक बाई म्हणाली, तुमचा काळा गणवेश छान आहे. मी थँक यू म्हणाले.

६ मे, मंगळवार

आज दुसऱ्याच्या बाबतीत पाहिलं ते बरं नव्हतं. कुणा भाड्याच्या मोटारीनं गेलेलं एक जोडपं आलं नाही. ल्युबो धक्क्याच्या टोकाला उभा होता, हातात खाकी पाकीट. ल्युबो जहाज कंपन्यांचा इथला प्रतिनिधी, त्रिपोच्या वयाचा. कुणी वेळेत आलं नाही की जहाजावरचे लोक त्यांच्या खोलीतली तिजोरी उघडतात, पासपोर्ट काढतात, ल्युबोच्या हातात देतात आणि दोर सोडतात.

जोडपं आलं तेव्हा जहाज वळत होतं. बाई धावायची थांबली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. पुरुष मात्र जहाजाला हात करत राहिला, बस थांबवतात तसा.

ल्युबो मला म्हणाला, "हे पाकीट द्यायला जातो ना, तेव्हा लोक माझ्याकडे असे बघतात, जसं काही मीच जहाज घेऊन पळालो."

निक्शा बाजूलाच होता. "बघून ठेवा, वहिनी," म्हणाला. फारसं चिडवत नव्हता, म्हणून जास्त लागलं.

रात्री जेवण गेलं नाही. पाच नोव्हेंबरला त्रिपोला असं वाटलं असेल का, की आपण उशीर केलाय? तासभर हातात असताना त्याला तो दिसत नव्हता का? मरण्याआधी माणूस घाबरलेला असावा, हे मला सहन होत नाही. मरण चालेल.

१९ मे, सोमवार

उद्या दोन जहाजं. मोठं धक्क्याला लागेल. माझ्या पाहुण्यांचं लहान पांढरं जहाज आखातात नांगर टाकून उभं राहील आणि लोक होड्यांनी ये-जा करतील. म्हणजे जहाज सुटायची वेळ महत्त्वाची नाही, शेवटच्या होडीची वेळ महत्त्वाची. हे मी आज तीनदा स्वतःला बजावलं. आठ जण आहेत. जेवण श्पिरोकडे हवं म्हणतात, कुणीतरी त्यांना तिथल्या मासळीचं कौतुक सांगितलंय. मी नोव्हेंबरपासून त्याच्या खानावळीत पाऊल टाकलेलं नाही.

२१ मे, बुधवार

काल लिहिणं झालं नाही.

आठ पाहुणे. सहा कॅनडाचे, एकाच घरातले, हसरे. दोन हॉलंडचे म्हातारे, हेन्ड्रिक आणि कॉरी. हेन्ड्रिक काठी टेकत चालतो आणि फार बोलत नाही. मला तो बरा वाटला. कार्डं पाहिली. शेवटची होडी साडेतीन. घड्याळाला किल्ली दिली आणि निघालो.

सकाळ चांगली गेली. दोन वाजता श्पिरोच्या ओट्यावर बसलो होतो, मासळी नुकतीच आली होती. श्पिरो मला फक्त "या वहिनी" म्हणाला होता. तोही टाळत होता आणि मीही.

हेन्ड्रिकनं काटा खाली ठेवला. "बाई, आपण निघायला नको का?"

कॅनडावाल्यांतला मोठा मुलगा म्हणाला, "आजोबांना दुपारच्या झोपेची घाई झालीय." सगळे हसले, कॉरीसुद्धा.

मी त्याला मनगट दाखवलं. "दोन वाजलेत. अजून दीड तास आहे. निवांत जेवा."

त्यानं आपलं मनगट माझ्या मनगटाशेजारी ठेवलं. त्याच्या घड्याळात तीन वाजले होते.

"तुमचं पुढे आहे," मी म्हणाले.

"नाही. हे जहाजावरच्या घड्याळावर लावलंय. आम्ही पिरेयसहून निघालो. जहाज अजून ग्रीसच्या वेळेनंच चालतं."

बाकीच्यांनी फोन काढले. सगळ्यांत दोन. हेन्ड्रिक म्हणाला, "फोन आपोआप किनाऱ्याची वेळ घेतो. होडी घेत नाही." मग त्यानं गळ्यातलं कार्ड उलटं करून मला दाखवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की सर्व वेळा जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. आजवर माझी सगळी जहाजं इटलीकडून आलेली. तिथली आणि आमची वेळ एकच. कार्ड उलटून पाहायची मला कधी गरज पडली नव्हती.

श्पिरो लिंबाची ताटली घेऊन आमच्या मागे उभा होता. आमच्या दोघांच्या मनगटांकडे बघत होता.

मी ओरडले. कचेरीत अठ्ठावीस वर्षांत कुणी माझा आवाज ऐकला नसेल. "उठा! ताटं राहू द्या! सगळे उठा!"

कॅनडावाली सून म्हणाली, "पण फोनमध्ये तर..."

"तुमचं घड्याळ नाही! जहाजाचं!"

श्पिरोच्या हातातून ताटली निसटली. लिंबं ओट्यावरून पाण्यात गेली. तो म्हणाला, "वहिनी, गाडीचं विसरा. ओराहोवात्सच्या वळणावर बसगाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या आहेत. माझी मोटरबोट काढतो."

कॉरीला बोटीत पाय टाकवेना. श्पिरोनं तिला पिठाच्या पोत्यासारखं उचलून आत ठेवलं. ती म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी उचललं मला." हेन्ड्रिक म्हणाला, "तेव्हा तू हलकी होतीस." त्या घाईतही लोक हसले. मी नाही हसले. बोट सुटली आणि मी त्रिपोच्या घड्याळाची कळ ओढली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. काटा एक तास पुढे नेला, किती वेळ उरलाय ते दिसावं म्हणून. काटा फिरत असताना माझी बोटं जागच्या जागी थांबली. हेच मी पाहिलं होतं. धक्क्यावर, प्रत्येक जहाजाच्या सकाळी, कळ फिरवताना. तो किल्ली देत नव्हता.

इंजिनाच्या आवाजात मी श्पिरोच्या कानाशी ओरडून विचारलं, "त्या दिवशीचं जहाज कुठून आलं होतं?"

तो समोर बघत म्हणाला, "हेच होतं, वहिनी. हेच पांढरं."

"पिरेयसहून?"

"वाटतं." थोड्या वेळानं त्यानं तोंड पुसलं. पाणी उडत होतं. "आत्ता तुम्ही ओरडलात ना, तेच बोलला होता तो. 'तुमचं घड्याळ नाही, जहाजाचं.' शब्द न् शब्द. आम्ही इथे येणाऱ्याला जेवू घालतो, वहिनी, कोण कुठल्या वेळेनं चालतो ते आम्हाला काय ठाऊक. मला वाटलं, बरळतोय."

धक्का दिसायला लागला होता.

होडी होती. तिचा एक दोर सोडून झाला होता. ल्युबो पाकिटं घेऊन उभा होता, एक नाही, जाडसर गठ्ठा. त्याच्या मागे आपल्या गाडीला टेकून निक्शा. श्पिरोनं असा भोंगा वाजवला की धक्क्यावरची कबुतरं उडाली. खलाशानं हात वर केला आणि दोर परत अडकवला.

कॅनडावाले उड्या मारत गेले. कॉरीला दोघांनी धरलं. हेन्ड्रिक शेवटी. पाय टाकण्याआधी त्यानं माझा हात धरला, मनगट वळवून माझं घड्याळ पाहिलं, आपलं पाहिलं. मान हलवली आणि होडीत गेला.

ल्युबोनं सगळी पाकिटं खलाशाकडे परत दिली.

निक्शा जवळ आला. "गाडी कुठाय?"

माझ्या आधी श्पिरो बोलला. "टायर बसला. पेरास्तला उभी आहे."

निक्शानं माझ्याकडे पाहिलं. मी घरी चालत आले.

घड्याळ अजून जहाजाच्या वेळेवर आहे. असू दे.

२२ मे, गुरुवार

सकाळी गाडी आणली. चारही टायर घट्ट आहेत.

श्पिरो म्हणाला, "उद्याच्या बैठकीत मी टायरचंच सांगेन. तुम्ही गप्प राहा. पाहुणा एकही मागे राहिला नाही, जागा तुमची."

त्याचं बरोबर आहे. गप्प बसणं मला येतं. पण टायर बसला होता असं म्हटलं, तर परवा माझ्या घड्याळात दोन आणि हेन्ड्रिकच्या घड्याळात तीन का होते, ते सांगता येणार नाही. आणि ते सांगितलं नाही तर पाच नोव्हेंबरचंही सांगता येणार नाही. त्रिपो कायमचा डोकं फिरलेला राहील. जागा घेऊन मी रोज त्या लोकांमध्ये उभी राहीन, आणि ते माझ्याकडे बिचाऱ्याची बायको म्हणून बघत राहतील.

सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. उगाच आशा नको.

२३ मे, शुक्रवार

बैठक बंदरासमोरच्या कॉफीच्या दुकानात. अकरा गाडीवाले, ल्युबो आणि श्पिरो. बाई मी एकटीच.

निक्शानं सरळ विचारलं, "मंगळवारी वहिनी बोटीनं आल्या. का, ते सगळ्यांना कळू दे."

"सांगितलं ना, टायर..." श्पिरो सुरू झाला.

"टायर ठीक आहे," मी म्हणाले. "मी चुकले. जहाज ग्रीसच्या वेळेवर होतं. मी आपल्या वेळेनं चालले होते. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं सांगितलं नसतं तर आठही जण मागे राहिले असते."

कुणीतरी हळूच शीळ घातली. निक्शानं हात पसरले, मी आधीच म्हणालो होतो, अशा अर्थानं.

सगळ्यांत जुना गाडीवाला वासो. तो म्हणाला, "अगं, पण काटा फिरवायचा असतो. आम्ही सगळेच फिरवतो. पाहुण्याचं घड्याळ बघायचं, आपलं जुळवायचं, संध्याकाळी घरी येऊन परत मागे. तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"ते काय सांगायचं असतं होय?" तो म्हणाला आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. पाच नोव्हेंबरचं जहाज पिरेयसहून आलेलं होतं. त्रिपोचं घड्याळ एक तास पुढे होतं, कारण त्यानं ते सकाळी पुढे केलं होतं. एवढंच. माझा आवाज फार मोठा नसतो, पण दुकानातलं कॉफीचं यंत्र कुणीतरी बंद केलं होतं.

ल्युबो म्हणाला, "तेच होतं. मी पाकिटं घेऊन उभा होतो त्या दिवशीपण. आठ होती. तो शेवटची होडी सुटायच्या तोंडाशी आला, आठही जणांना बसवलं, प्रत्येकाशी हात मिळवला. मला म्हणाला, 'ल्युबो, परत दे ती.' हसला. नंतर ऐकलं की डोकं गेलं होतं, तर मला वाटलं, असेल, आपल्याला काय कळतं."

"हसला?" मी विचारलं.

"हसला की. दमला होता. पण हसला."

त्या दिवशी निक्शा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बेलग्रेडला होता. त्याला जे कळलं ते श्पिरोकडूनच. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मी गावभर सांगत फिरलो. सख्ख्या भावाबद्दल." आणि उठून बाहेर गेला. कॉफी पूर्ण ठेवून.

तो नसताना मत घेता येईना. वासो म्हणाला, पुढच्या जहाजाला बघू. जागेचं तसंच राहिलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मग काय तर. माझा त्रिपो लहानपणापासून वेळेचा पक्का." आणि खिडकीकडे वळल्या. सुपाचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. मीठ कमी आहे म्हणाला होता. त्या म्हणाल्या, "असेलच कमी. तुझ्या हाताला मीठ नाही."

२७ मे, मंगळवार

आज जहाज. धक्क्यावर पोचले तर त्रिपोच्या जागेवर निक्शाची गाडी आडवी उभी. मी लांबच थांबले. वाटलं, ठरलं तर.

त्यानं मला पाहिलं, गाडी सुरू केली आणि मागे घेतली. जागा मोकळी झाली. मी गाडी आत लावली तेव्हा तो खिडकीशी आला. दाढी केलेली नव्हती.

"कुणी मध्ये घुसू नये म्हणून लावली होती," म्हणाला. "वासोला सांगितलंय. नाव तुमचं लावायला."

"बरं."

"आजचं जहाज इटलीचं आहे, वहिनी." तो माझ्या मनगटाकडे बघत होता. "काटा अजून पुढेच आहे तुमचा."

"माहीत आहे."

तो वळला. "काळ्या गणवेशाचं पाहुण्यांना फार आवडतंय म्हणे," म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला.

पहिली होडी अजून यायची होती. मी कळ ओढली आणि काटा एक तास मागे आणला. त्रिपोचं त्या दिवशीचं एवढंच काम राहिलं होतं.